खुबा ‘निसटल्यासारखा’ वाटतो

प्रश्न : मुलगी २४ वर्षांची, सांधे लहानपणापासून लवचिक. चालताना उजवा खुबा निसटल्यासारखा वाटतो, ‘कट्’ वाजतो, जांघेत दुखतं. एक्स-रे नॉर्मल आहे म्हणतात. योगासनं चालू ठेवावीत का?

उत्तर : आवाज आला म्हणजे खुबा निखळला असं नाही, बहुतेकदा सांध्यापुढची कंडरा हाडावरून सरकते. बायटन चाचणी (सांधे किती जास्त वाकतात ते मोजणारी) करून घ्या. ९ पैकी ५ किंवा जास्त गुण म्हणजे सांधे एकंदर सैल. पण ही चाचणी खुबा थेट तपासत नाही.

‘नॉर्मल’वर थांबू नका. एक्स-रेवर सेंटर-एज अँगल (खुब्याची वाटी मांडीच्या हाडाच्या गोळ्याला किती झाकते, ते सांगणारा कोन) किती, ते विचारा. २० अंशांखाली वाटी उथळ. २० ते २५ ही सीमारेषा, आणि चूक इथेच होते : घट्ट अस्थिबंधांच्या माणसाला जी वाटी पुरते, ती तुमच्या मुलीला अपुरी पडू शकते. वाटीच्या कडेची कूर्चा फाटल्याची शंका असेल तर एमआरआय.

हनुमानासन (पाय पुढे-मागे पूर्ण पसरून), गुडघे दाबून केलेलं बद्धकोनासन (तळवे जुळवून बसून) सध्या बंदच. जांघ आखडते, कारण स्नायू सैल सांध्याला धरून ठेवतात. ताणलं की घटकाभर बरं वाटतं, मग दुखणं वाढतं.

त्याऐवजी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, टाच जरा मागे, वीतभर उचलून ५ सेकंद धरावा. ८ ते १० वेळा, दिवसाआड. कंबर मागे कलंडली तर मांडीचा पुढचा स्नायूच राबतो, नितंबाचा नाही. तीन महिने तरी द्या. शस्त्रक्रियेचा विषय निघालाच, तर त्यात कापलेलं सांध्याचं आवरण पुन्हा शिवणार का, हे आधी विचारा.