पहिल्यांदा बोटीवर जाताय ना, मग हवामानाचं एवढं लक्षात ठेवा

अरे पहिलं कॉन्ट्रॅक्ट आणि तेही जूनमध्ये मुंबईतून एडनकडे, म्हणजे सुरुवातच पावसाळी अरबी समुद्राने. जुलैत वाटेतल्या सोकोत्रा बेटाच्या आसपास वारा आणि लाटा सगळ्यात जोरात असतात, त्यामुळे नकाशावरची सरळ रेघ बघून हाच शॉर्टकट असं समजू नकोस, समोरून लाटा आल्या की स्पीड पडतो, डिझेल जास्त जळतं आणि थोडा लांबचा रूट घेतलेली बोट कधीकधी आधी पोचते.

हवामान बघून रस्ता सुचवणाऱ्या रूटिंग कंपनीचा मेल येतो, नॅव्हटेक्सवर, म्हणजे जहाजांना लेखी इशारे देणाऱ्या रेडिओ सेवेवर, ५१८ किलोहर्ट्झला वॉर्निंग येते, ते सगळं वाच, पण हवेचा दाब दाखवणारा बॅरोमीटर स्वतः बघ आणि दर तासाला लिही. हे मी अगदी मनापासून सांगतोय. आपल्या उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिलास की कमी दाबाचं केंद्र साधारण उजव्या हाताला, थोडं मागे असतं.

वादळाच्या केंद्राचा अंदाज दर दिवसामागे १०० नॉटिकल मैल चुकू शकतो असं धरून चाल, म्हणजे २४ तासांनंतरच्या जागेसाठी वादळाभोवतीच्या ३४ नॉट (तासाला ३४ नॉटिकल मैल) किंवा जास्त वाऱ्याच्या पट्ट्याबाहेर अजून १०० मैल लांब राहा, ४८ तासांसाठी २००, ७२ साठी ३००. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा कामगारांच्या राहण्याचा बार्ज बुडाला, आपल्या दारातच, कितीतरी माणसं गेली.

आणि शंका आली तर रात्री दोन वाजताही कॅप्टनला उठव, लाजू नकोस.