मॉनिटरच्या मागचा दीड अँपिअर

प्रश्न : १२० टेबलांच्या एका ऑफिसचं एनर्जी मॉडेल (एसी किती लागेल आणि वर्षाला वीज किती, याचा कॉम्प्युटरवरचा हिशेब) करतोय. मॉनिटर आणि लॅपटॉपच्या लेबलांवरून टेबलामागे ४२५ वॅट निघाले, म्हणजे नुसत्या कॉम्प्युटरपायी साडेचौदा टन एसी! आकडा फुगलाय का? आणि यातली किती टक्के वीज उष्णता धरायची? — एक तरुण अभियंता, नाशिक

उत्तर : फुगलाय, आणि कुठे ते सांगते. मॉनिटरच्या मागे ‘१००–२४० व्होल्ट, १.५ अँपिअर’ छापलेलं असणार, आणि तुम्ही गुणाकार करून ३६० काढलेत. तो दीड अँपिअर सगळ्यात कमी व्होल्टेजचा, तोही सुरक्षिततेसाठी चढवून छापलेला. वायर-फ्यूज ठरवायला ठीक. प्लगला वॅटमीटर लावून बघा, २४ इंची एलईडी मॉनिटर पंचविसाच्या आसपास घुटमळतो. लॅपटॉपच्या चार्जरवर ६५ लिहिलंय खरं, पण बॅटरी भरलेली असली की एक्सेलवाला लॅपटॉप १५-२० वॅटवर भागवतो. अ‍ॅश्रे या एसी-इंजिनिअरांच्या अमेरिकी संस्थेचं हँडबुकही लेबलवर विसंबू नका म्हणतं.

मीही हे केलंय. २००९मध्ये हिंजवडीतल्या एका मजल्याचं टनेज मी लेबलं मिळवूनच काढलं होतं. जुलैत ते गरजेपेक्षा मोठं एसी मशीन दहा मिनिटांत कट-ऑफ व्हायचं. हवा गार पण ओली, प्रिंटरमधला कागद दमट, आणि अकाउंट्समधल्या मुली स्वेटर घालून.

तेव्हापासून मी आधी यूपीएसच्या खोलीत शिरते. आपल्याकडे कॉम्प्युटर यूपीएसवर आणि प्रिंटर, चहाचं मशीन रॉ पॉवरवर, म्हणजे थेट लाइनवर असतं. निम्मं काम वायरमननं करूनच ठेवलेलं. सगळे आल्यावर, साडेअकराच्या सुमारास, पॅनलवरचा आउटपुट वाचा. केव्हीए नव्हे, किलोवॅट; उष्णता होते ती किलोवॅटची. सर्व्हर त्याच यूपीएसवर असेल तर तो वजा करा आणि हजर माणसांनी भागा. टेबलाला ६० वॅट धरले तरी तुमचे ७.२ किलोवॅट होतात, म्हणजे टनाला साडेतीन किलोवॅटच्या हिशेबानं जेमतेम दोन टन. लेझर प्रिंटर कागद काढताना शेकडो वॅट ओढतो आणि मग गप्प बसतो, त्याची तासाची सरासरी घ्या.

टक्क्यांचं म्हणाल तर शंभर. प्लगमधून आलेली वीज शेवटी खोलीतच उष्णता होते, पडद्याचा उजेडसुद्धा. फक्त यूपीएस स्वतः जे खातो ते त्याच्याच खोलीच्या नावावर टाका.

आता रात्र. टनेज सगळ्यात गजबजलेल्या तासावर ठरतं, पण वर्षाचे युनिट मॉडेलमधल्या तासागणिक लोडच्या वेळापत्रकावर, आणि तिथे सगळे संध्याकाळी सातनंतर सरळ शून्य भरतात. रविवारी दुपारी वॉचमनकडून पॅनलचा फोटो मागवा. मला आलेल्या एका फोटोत ऑफिस रिकामं आणि लोड कामाच्या दिवसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा होता : नेटवर्क स्विच, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, कुणी बंद न केलेले डेस्कटॉप. असा जो आकडा मिळेल तो रात्रीच्या आणि सुट्टीच्या रकान्यात भरा. वॉचमनला पॅनलचा डिस्प्ले उजळायचं बटण मात्र शनिवारीच दाखवून ठेवा, नाहीतर काळ्या काचेचा फोटो येतो.