अँटिग्वाची गोदी, पण सुकी नव्हे

प्रश्न : मुलगी अमेरिकेत असते. तिच्याबरोबर जानेवारीत कॅरिबियन क्रूझला जातोय. अँटिग्वाला सेंट जॉन्स बंदरात जहाज एक दिवस थांबेल. मी मुंबईच्या गोदीत फिटर होतो. ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या नावाची तिथली जुनी गोदी बघायची आहे. सुक्या गोदीत, म्हणजे पाणी काढून जहाजाचा तळ दुरुस्त करतात तिथे, उतरता येतं का? मुलगी म्हणते, त्यापेक्षा बीचवर जाऊ.
– एक वाचक, बदलापूर

उत्तर : काका, जरूर जा. मुलीचाही हिरमोड नको, पिजन पॉइंटचा बीच तिथून जवळच आहे.

सुकी गोदी मात्र शोधू नका. मुंबईत 1750 पासून काय करतात, ते मी तुम्हाला काय सांगणार? भरतीला जहाज आत, ओहोटीला पाणी बाहेर, दरवाजे बंद. अँटिग्वात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर. पाणी उतरणारच नसेल, तर गोदी सुकणार कशी? म्हणून तिथे अख्खं जहाजच कुशीवर कलवत. आधी तोफा, सामान, नीरम (तोल राखायला तळाशी ठेवलेलं वजन) सगळं उतरवायचं. मग डोलकाठ्यांचे दोर धक्क्यावरच्या उभ्या चरख्यांना गुंडाळायचे आणि माणसांनी दांडे रेटत गोल फिरायचं. तळ वर आला की शेवाळ-शिंपले खरवडायचे, लाकडाला किडा लागू नये म्हणून तांब्याचे पत्रे ठोकायचे. मग दुसरी कूस. त्या चरख्या धक्क्यावर अजून बघायला मिळतात. तुम्ही तिथून लवकर हलाल असं मला वाटत नाही! जवळच छप्पर नसलेले जाडजूड दगडी खांब आहेत. तिथे खाली होड्या ओढून घेत आणि वरच्या मजल्यावर शिडं शिवत.

नेल्सनचं म्हणाल, तर तो तिथे 1784 ते 1787 एवढाच होता आणि गोदीचं काम 1720च्या दशकातच सुरू झालेलं. अमेरिकी जहाजांचा व्यापार अडवला म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांना तो डोळ्यांसमोर नको असे. आणि गोदी उभारली ती आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर. 8 मार्च 1744 रोजी तिथल्या स्फोटात आठ गुलाम मेले. नाव द्यायचंच होतं तर त्यांचं द्यायला हवं होतं, असं माझं मत. 2016मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली, ती निदान नेल्सनच्या नावाने नाही.

दमलात की अॅडमिरल्स इनमध्ये बसा. 1788ची इमारत, पूर्वी डांबराचं कोठार. येताना टॅक्सी शर्ली हाइट्सच्या टेकडीवर न्यायला सांगा. गोदीच्या बंदराचं तोंड किती अरुंद आहे ते वरून कळतं. चक्रीवादळात जहाजं सुरक्षित राहावीत म्हणून तर ही जागा निवडली.

तुमचं सेंट जॉन्स बंदर गोदीपासून बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे, रस्ता वळणावळणाचा. टॅक्सीचं येण्या-जाण्याचं आणि थांबण्याचं भाडं आधीच ठरवा, अमेरिकी डॉलर चालतात. जहाज सुटायच्या दोन तास आधी परत फिरा.