पाच अध्याय नकोत, पंधरा वचनं घ्या

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो तेव्हापासून, बायबलचे रोज पाच अध्याय वाचायचं म्हणताय? नका करू. इंदूरला आल्यावर पहिल्या वर्षी मीही हेच केलं, आणि गाडी लेवीयमध्ये, बायबलच्या तिसऱ्या, नियमांनी भरलेल्या पुस्तकात रुतली. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारातली सगळी दुकानं एका रात्रीत होतात का?

संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत, ४८व्या प्रकरणात, प्रायश्चित्तकाळात प्रत्येक मठवाशाला एकच पुस्तक मिळतं. ते पहिल्या पानापासून सलग वाचायचं. तुम्ही बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचा वृत्तांत, घ्या, १६च अध्याय आहेत.

- रोज पंधराएक वचनं, हळू आवाजात. एखादा शब्द टोचला की तिथेच थांबा, पुढचं राहू द्या.
- भाष्यग्रंथ आत्ता उघडू नका. नवखे इथेच फसतात.
- दिवस चुकला तर भरपाई नको.

आणि ईस्टरला पुस्तक मिटू नका, ईस्टरपासूनचा सणाचा काळ, पास्काकाळ, ५० दिवसांचा असतो. तेव्हा लूकच्या शुभवर्तमानाचा २४वा अध्याय, अम्माऊसची वाट: पुन्हा उठलेला येशू दोन शिष्यांना जिथे भेटतो ती.