साधना, शांती आणि सालदाराची उचल

प्रश्न : माझे यजमान निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे ध्यानाला बसतात. त्यांचा पूर्वीचा संताप गेला, घरातील आरडाओरड थांबली, हे मी मनापासून मान्य करते. मात्र गेल्या महिन्यात आमच्या केळीच्या शेतावरील सालदाराने पत्नीच्या उपचारासाठी उचल मागितली, तेव्हा ‘ज्याचे त्याचे प्रारब्ध’ असे शांतपणे सांगून त्यांनी त्याला परत पाठवले आणि ते पुन्हा आसनावर जाऊन बसले. मुलगा म्हणतो, हे सारे ढोंग आहे. साधनेने माणूस खरोखर दयाळू होतो का?
– एक भगिनी, यावल तालुका

उत्तर : तुमच्या यजमानांना ढोंगी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ढोंग चारचौघांत चालते. त्यांचा संताप तर घराच्या चार भिंतींत, कोणी पाहत नसताना ओसरला आहे. साधनेने मन स्थिर केले, हे खरेच. परंतु मन स्थिर होणे आणि दुसऱ्याच्या दुःखाने ते हलणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली साधली की दुसरी आपोआप साधते, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे.

मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न प्रत्यक्ष वागणुकीवर तपासला आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात, आठ आठवडे ध्यान शिकलेली माणसे प्रतीक्षाकक्षात बसलेली असताना कुबड्या घेतलेली एक स्त्री आत आली. खुर्ची एकही रिकामी नव्हती. ध्यान न शिकलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के, तर शिकलेल्यांपैकी ५० टक्के लोकांनी उठून तिला जागा दिली. प्रयोग मात्र लहान होता, आणि अशा अनेक अभ्यासांचा २०१८ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा ध्यान शिकवणारी व्यक्ती स्वतःच संशोधनाची सहलेखक असलेल्या अभ्यासांतच करुणा वाढलेली दिसली.

तुमच्या घरातील प्रसंगाशी जवळचे संशोधन २०२२ मधले आहे. केवळ श्वासावर लक्ष ठेवणाऱ्या ध्यानाने आपल्या चुकीची मनातील बोच कमी झाली, आणि तिच्याबरोबर ती चूक भरून काढण्याची तयारीही कमी झाली. याउलट, माणसांना मनापुढे आणून त्यांचे भले चिंतणाऱ्या, बौद्ध परंपरेतील मैत्रीभावनेसारख्या ध्यानानंतर ती तयारी तुलनेने अधिक आढळली. साधनेत दुसरा माणूस आहे की नाही, यावर सारे अवलंबून आहे असे मला यावरून वाटते. दाराशी आलेल्या सालदाराला नकार देताना जी कालवाकालव व्हायला हवी होती, तीच जर शांत केली गेली, तर साधनेचा उपयोग दार लावून घेण्यासाठी झाला.

हे धोके आपल्या परंपरेला ठाऊक नव्हते असे नाही. आपल्या मुक्ताईनगरच्या मुक्ताबाईंविषयी सांगितले जाते, की लोकांच्या वागण्याने दुखावलेले ज्ञानदेव दार लावून बसले, तेव्हा धाकट्या बहिणीने त्यांना जगाचा राग सोडून दार उघडण्याची विनवणी केली. ज्ञानदेवांसारख्या योग्यालाही घरातील माणसाने हाक द्यावी लागली आणि त्यांनी ती ऐकली, हे मला त्या कथेत फार मोलाचे वाटते. दुसरे उदाहरण अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींचे. पंढरीची वारी शतकानुशतके चालत होती, तरीही विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना बंदच होते; ते उघडावे म्हणून गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. भक्ती तेथे उदंड होती, गुरुजीही भक्तच होते. पण बाहेर उभा ठेवलेला माणूस त्यांच्या भक्तीत होता.

प्रारब्धाचा विचार स्वतःचे दुःख सोसताना आधार देतो, म्हणून मी त्याला कमी लेखत नाही. दुसऱ्याच्या दुःखावर तो लावण्याचा अधिकार मात्र कोणालाही नाही, आणि मालकाला तर मुळीच नाही. शिवाय उचल म्हणजे दान नव्हे. ती सालदाराच्याच कष्टाच्या पैशांतून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेला त्याचे साल संपेपर्यंत, वळती होणारी रक्कम असते.

‘एवढे ध्यान करूनही तुम्ही असे कसे?’ असे यजमानांना विचारू नका. त्याने माणूस आसनाला अधिकच चिकटतो. दोघे मिळून सालदाराच्या घरी जा आणि त्याच्या पत्नीची विचारपूस करा. तिला पाहून आल्यावर, उद्याच्या ध्यानात तिचे नाव घ्या, एवढेच त्यांना सुचवा. मुलालाही सोबत न्या, कारण वडिलांना ढोंगी ठरवून त्या कुटुंबाचा प्रश्न त्यानेही बाजूलाच टाकला आहे. तिचा उपचार पैशांअभावी थांबला असेल, तर मात्र यजमानांचे मन वळेपर्यंत थांबू नका. घरखर्चातून जमेल तेवढी रक्कम आजच तिच्या हाती द्या आणि तसे यजमानांना उघडपणे सांगा.