कॅथोलिक चर्चमध्ये फादरांसमोर केलेल्या पापनिवेदनात, म्हणजे कन्फेशनमध्ये, एखादं पाप सांगायचं राहिलं, तर ते कन्फेशन वैध ठरतं का?

विसरून राहिलं असेल, तर वैधच आहे. जाणूनबुजून लपवलं असेल, तर नाही. तुम्ही म्हणता की बऱ्याच वर्षांनी जाणार आहात, सगळं आठवत नाही आणि एक गोष्ट सांगायची लाज वाटते. यातल्या आठवणीची काळजी सोडा, खरा प्रश्न लाजेचा आहे.

कॅथोलिक चर्चच्या कायद्यातल्या कलम 988 (कॅनन 988) नुसार बाप्तिस्म्यानंतर केलेली आणि आधी कन्फेशनमध्ये न सांगितलेली सगळी गंभीर पापं प्रकार आणि संख्येसह सांगावी लागतात. नीट आत्मपरीक्षण करून जेवढी आठवतील तेवढी. गोष्ट मुळातच गंभीर, ती तशी आहे याची पूर्ण जाणीव आणि तरीही स्वतःच्या मर्जीने केलेली, हे तिन्ही असेल तर ते गंभीर पाप. हलकी पापं सांगणं चांगलं, पण सक्ती नाही.

बहुतेकांचं अडतं ते प्रकार आणि संख्येपाशी. ‘पैशांच्या बाबतीत चुकलो’ यातून फादरांना काहीच कळत नाही. ‘कामाच्या ठिकाणी गल्ल्यातून पैसे चोरले, वर्षभर, महिन्यातून साधारण दोनदा, रक्कम मोठी होती’ एवढं पुरेसं आहे. नेमका आकडा आठवत नसेल तर अंदाज सांगा. ज्या परिस्थितीमुळे पापाचा प्रकारच बदलतो, तीही सांगायची: शरीरसंबंधाच्या पापात दोघांपैकी कुणी विवाहित होतं का, चोरलेली वस्तू चर्चमधली होती का. त्यापलीकडे वर्णन नको आणि दुसऱ्या कुणाचं नाव तर मुळीच नको.

आता लपवण्याचं. एक गंभीर पाप मुद्दाम गाळलं, तर त्या वेळी सांगितलेल्या बाकीच्या पापांचीही क्षमा होत नाही. असं पूर्वी झालं असेल, तर तेही सांगा आणि शेवटच्या खऱ्या कन्फेशननंतरची सगळी गंभीर पापं पुन्हा सांगा. ऐकायला भयंकर वाटतं, पण अनुभवी फादर प्रश्न विचारून हे सोपं करतात. माझा आग्रह एवढाच, की ते जड पाप सगळ्यात आधी सांगा. शब्द सुचत नसतील तर ‘फादर, एक गोष्ट सांगायला कठीण जातंय, मदत करा’ असं म्हणा. ऐकलेलं ते कुणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगू शकत नाहीत. थेट गुप्तता मोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतो.

यादी कितीही पूर्ण असली, तरी पश्चात्ताप नसेल तर कन्फेशन निष्फळ. रडू यायलाच हवं असं नाही. देवावरच्या प्रेमातून आलेला पश्चात्ताप उत्तम, पण नरकाच्या भीतीने पापाचा खरा तिटकारा आला, तरी या संस्कारासाठी चालतो. पुन्हा पाप न करण्याचा निश्चय मात्र हवाच. ‘कदाचित पुन्हा घसरेन’ या भीतीने काही बिघडत नाही. चोरलेले पैसे ठेवूनच घ्यायचे असं मनात असेल, तर बिघडतं.

क्रम सोपा आहे: क्रुसाची खूण, शेवटचं कन्फेशन कधी झालं ते, पापं, मग फादरांचा उपदेश आणि प्रायश्चित्त, पश्चात्तापाची प्रार्थना आणि शेवटी पापक्षमेचे शब्द. फोनवर किंवा व्हिडिओवर हे होत नाही, तुम्ही आणि फादर प्रत्यक्ष एकाच ठिकाणी असावं लागतं.

विसरलेलं गंभीर पाप नंतर आठवलं, तर पुढच्या कन्फेशनमध्ये सांगा. तोवर कम्युनियन (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) घ्यायला हरकत नाही. दिलेलं प्रायश्चित्त जमण्यासारखं नसेल, तर तिथेच बदलून मागा. जमण्यासारखं असेल तर शक्यतो त्याच दिवशी, चर्चमधून निघण्याआधीच उरका.