गोळ्या चालू ठेवा, चष्मा थांबवा, पडदा मात्र लगेच तपासा

वडिलांना ६२व्या वर्षी साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत पेपरातली अक्षरं पुसट झाली, नवा चष्मा केला तोही चालेना, आणि आता ते गोळ्याच बंद करायचं म्हणताहेत, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून तसं होऊ देऊ नका. मला मधुमेह होऊन १९ वर्षं झाली. सुरुवातीला माझंही हेच झालं होतं.

तुम्ही ओघात एक लिहून गेलात, की त्याआधी काही महिने ते चष्म्याशिवाय वाचत होते. ती वाढलेल्या साखरेचीच खूण असणार. रक्तातली साखर चढली की ती डोळ्यातल्या भिंगातही उतरते, तिथे पाणी ओढून घेते, भिंग फुगतं. मग जवळचं स्पष्ट दिसतं, लांबचं धूसर. गोळ्यांनी साखर उतरली की भिंग पूर्ववत होऊ लागतं आणि चाळिशीचा नंबर परत येतो, काही दिवस तर आधीपेक्षा जास्तच. गोळ्यांनी डोळे बिघडत नाहीत. साखर स्थिरावल्यावर सहा-आठ आठवडे जाऊ द्या, मग नंबर काढा. तोवर पेपर वाचायला तयार मिळणारा साधा चष्मा पुरतो. मी त्या दोन महिन्यांत दोन चष्मे केले, दोन्ही वाया गेले.

पण ही झाली नंबराची गोष्ट. डोळ्याच्या पडद्याची गोष्ट वेगळी, आणि तिथे मी चुकलो. दरवर्षी नंबर काढून यायचो आणि डोळे तपासले असं समजायचो. सातव्या वर्षी एका डॉक्टरांनी थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा पाहिला तेव्हा तिथे रक्ताचे ठिपके आणि सूज होती. त्या दिवशीही मी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली होती! पुढे लेझर झालं, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागली. डावा डोळा वाचला, उजव्याला आज सरळ रेघ वाकडी दिसते.

या वयात निघालेली साखर बरेचदा काही वर्षं आधीपासून अंगात असते. म्हणून पडद्याची पहिली तपासणी आत्ताच करा, नंबर स्थिरावायची वाट पाहू नका. पुढे वर्षातून एकदा, किंवा डॉक्टर सांगतील तशी. थेंबांमुळे काही तास अंधुक दिसतं आणि उजेड टोचतो, तेव्हा त्यांना एकट्याने गाडीवर पाठवू नका. सोबत जा, तीन महिन्यांच्या साखरेचा आणि बीपीचा रिपोर्ट न्या. बीपी वाढलेलं असलं तर पडद्याला दुहेरी मार बसतो. मोतीबिंदूही मधुमेहात लवकर येतो, तोही त्याच वेळी पाहतील.

एकाएकी काळे ठिपके तरंगू लागले, डोळ्यापुढे जाळी धरली किंवा एका बाजूचं दिसेनासं झालं, तर मात्र रात्र काढू नका, त्याच दिवशी जा.